आईच्या मुठीची खुकरी

आमच्या घरी भाकरी पत्रकात गुंडाळली जायची. अण्णांच्या छापखान्यात शाई पसरलेली, आडवी छापली गेलेली पत्रकं फेकून द्यायची रीत नव्हती. ती आईकडं यायची आणि आई कोरी बाजू आत घेऊन त्यात भाकऱ्या बांधायची. शाळेत इतर पोरींच्या डब्यातून लोणच्याचा वास यायचा. माझ्या डब्यातून लोणच्याबरोबर एखादं वाक्यही निघायचं. ‘हुंड्याचं लग्न म्हणजे बाजार’, ‘पाणवठा सगळ्यांचा’, असं काहीतरी. मी जेवता जेवता ते वाचायची आणि मधल्या सुट्टीत मोठ्यानं म्हणून दाखवायची. त्यामुळं माझ्या शेजारी बसायला फारसं कुणी यायचं नाही, पण सातवीत जाईपर्यंत मला भाषण करता येऊ लागलं होतं. आत्मकथन लिहायला तुझं वय कमी आहे, असं सांगणारे आता पुष्कळ भेटतात. असेल. मला हे लिहिताना आई शेजारच्या खोलीत हवी आहे, लसूण सोलत, चुका काढत. ती नसताना लिहिलं तर मी तिला फार मोठी करून ठेवीन, आणि तिला ते आवडायचं नाही.

जिंतूरला, मोठ्या रस्त्याच्या कडेला, आमची पत्र्याची लांबट जागा होती. पुढच्या भागात आईची मटणाची खानावळ, मध्ये पडद्याआड अण्णांचा छापखाना आणि मागं आम्ही. पोटासाठी अण्णा लग्नपत्रिका आणि दवाखान्यांच्या पावत्या छापायचे, मनासाठी पत्रकं आणि आठ-आठ, सोळा-सोळा पानांच्या पुस्तिका. आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा घरातले जुने देव नदीत गेले आणि त्या रिकाम्या फळीवर पुस्तिका आल्या, असं अण्णा सांगायचे. माझ्या लहानपणी ती फळी वाकलेली होती आणि तिच्यातल्या अर्ध्या पुस्तिका अण्णांच्याच होत्या. घरात शाईचा आणि काळ्या मसाल्याचा वास एकत्र राहायचा. पाहुणे आले की नाक ओढायचे, आम्हाला मात्र दुसऱ्यांच्या घरात गेल्यावर काहीतरी कमी वाटायचं.

आईची खानावळ म्हणजे चार बाकडी, एक चूल, एक गॅस आणि चिंचेचं खोड. त्या खोडावर रोज सकाळी मटण तुटायचं. आई खाटकाकडून रान, म्हणजे बकऱ्याची अख्खी मांडी, जशीच्या तशी आणायची, तुकडे करून आणायची नाही. तिचं म्हणणं असं की पीस एकसारखा पाहिजे. हाडाचा वाटा, मांसाचा वाटा, चरबीचा वाटा, प्रत्येक ताटात सारखा. ड्रायव्हर बसला असो की मास्तर, रस्सा वाढताना तिची पळी कुणासाठी खोल जायची नाही आणि कुणासाठी वर राहायची नाही. ती ज्या घरात वाढली तिथं दुसऱ्यांच्या जेवणातलं उरलेलं यायचं. कुणाच्या वाट्याला नळी, कुणाच्या वाट्याला नुसतं पाणी, आणि त्यावरून बहिणी-बहिणींत रडारड. ते तिनं मला एकदाच सांगितलं, तेही चुलीकडं तोंड करून. समता या विषयावर अण्णांनी किती पानं छापली असतील ते त्यांनाच ठाऊक. आई तेच काम सत्तुरानं करायची. सकाळी छापयंत्र सुरू व्हायच्या आधी खोडावर सत्तुराचा आवाज सुरू व्हायचा आणि त्या आवाजावर मी दात घासायची, वेणी घालायची, अभ्यासाला बसायची.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी आईचं मनगट गेलं. आधी नुसतं दुखायचं, मग सुजायला लागलं, मग सकाळी तिला परात उचलता येईना. परभणीच्या डॉक्टरांनी पट्टा दिला, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, जड हत्यार बंद. सत्तूर चांगला वजनदार होता आणि आईचा हात लहान मुलीच्या हाताएवढा. अण्णांनी एक माणूस तोडायला ठेवला. तो बिचारा भरभर तोडायचा, पण एक तुकडा चिंचोक्याएवढा आणि दुसरा मुठीएवढा. दोन-चार दिवस आईनं पाहिलं, मग एका दुपारी त्याला जेवू घालून हात जोडले. “भाऊ, तुमची तोड वाईट न्हाई, पर ती माझी न्हाई,” म्हणाली. रात्रीची भांडी घासून झाल्यावर तिनं अण्णांना सांगितलं, “तोडता येईना तर मी बंद करते. दुसऱ्याच्या तोडीचं मी वाढणार न्हाई.” अण्णांनी तिला समजावलं, मी समजावलं, श्रमविभागणीवर मी बरंच काही बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि पट्टा सोडून हात गरम पाण्यात घातला. मला तेव्हा कळलं की खानावळ गेली तर आमच्या घरातून नुसतं एक दुकान जाणार नाही. आईचं बोलणं जाईल.

रस्त्यापलीकडं मानकाकांचा चायनीजचा गाडा होता. सगळं जिंतूर त्यांना ‘बहादूर’ म्हणायचं. अण्णांना याचा फार राग. नेपाळी दिसला की बहादूर, ही काय पद्धत झाली, माणसाला नाव असतं. गाडा लागला त्या आठवड्यातच ते रस्ता ओलांडून गेले आणि त्यांनी अदबीनं विचारलं, “आपलं पूर्ण नाव काय?” त्यांनी हात पुसून सांगितलं, “मान बहादूर थापा.” अण्णा परत आले ते पडद्याआड गेले आणि बराच वेळ यंत्राला तेल देत बसले. आई हसून हसून खोकली. “इचारलंत ना? आता हाका मारा!” म्हणाली. शेवटी अण्णा त्यांना ‘मानराव’ म्हणू लागले आणि मी ‘मानकाका’. ते आईला दीदी म्हणायचे. त्यांचं मराठी जिंतुरातच शिकलेलं होतं, त्यामुळं ‘लय’ आणि ‘कामून’ त्यात छान बसलेले होते, फक्त बायकी-पुरुषी शब्दांचा सगळा घोटाळा. (हे नाव मी बदललेलं आहे आणि गाड्याची जागाही जरा इकडची तिकडं केली आहे. का, ते पुढं येईलच.)

दुपारी आमची गर्दी सरली की ते जेवायला यायचे. खानावळ बंद करायचं बोलणं त्यांच्या कानावर आलं तसे ते उठले आणि आपल्या गाड्यावरून एक वाकडं हत्यार घेऊन आले. कोंबडी तोडायचं त्यांचं हत्यार. आईनं हात पुढं केला तर त्यांनी ते हातात दिलं नाही, खोडावर ठेवलं. आईनं मान हलवली. आमच्याकडंही सुरी हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. तिनं ते उचललं आणि सत्तुरासारखं खांद्यापासून वर नेलं.

“दीदी, मारू नको,” मानकाका घाईनं म्हणाले. “फक्त उचल आणि सोड. पुढं जड हाय तो. आपोआप जातो.”

आईनं सोडलं. हाड तुटलं, आणि आवाज वेगळा आला, जरा खोल. तिनं पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं. मग हत्यार खाली ठेवून डाव्या हातानं उजवं मनगट दाबून पाहिलं. एखादी वस्तू घरातून हरवावी आणि शेजारच्या घरात दिसावी, तसं तिचं तोंड झालं. “ह्याचा दांडा मला मोठा होतोय,” ती म्हणाली. “पर हात गप हाय.” मग मानकाकांकडं वळून म्हणाली, “मला आसलं एक पायजे.”

आता यात मी पडणार नाही असं कसं होईल? मी फोन काढला. जगातली कुठलीही वस्तू दोन दिवसांत दारात येते यावर माझा तेव्हा विश्वास होता. ‘अस्सल नेपाळी खुकरी, हातानं घडवलेली’ असं लिहिलेली एक मी मागवली. खोकं उघडलं तर आरशासारखं चकचकीत पातं, दांड्याच्या टोकाला पितळी सिंहाचं तोंड, पात्यावर वेलबुट्टी आणि म्यानाला लाल मखमल. आईनं ती सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली. “बाई गं,” ती म्हणाली, “ही तर नवरदेवाच्या हातात द्यायची. टोकाला लिंबू खोवलं की झालं, वरात काढा.” तरी माझं मन राखायला तिनं ती खोडावर आणली. पहिल्याच हाडाला सिंह गळून चुलीखाली गेला आणि दुसऱ्याला पातं दांड्यात खुळखुळायला लागलं. पात्याची शेपटी दांड्यात बोटभरच होती, बाकी सगळा डिंक. अण्णांनी ती छापखान्यात नेली. पुढं बरीच वर्षं आम्ही तिनं कागदाचे गठ्ठे फोडले. त्या कामाला ती चांगली होती.

जिंतूरच्या लोहारांनाही अण्णा विचारून आले. ते म्हणाले, कोयता सांगा, सत्तूर सांगा, विळा सांगा, पण हा वाक आपल्या हातचा नाही. नाही ते नाही. मग मानकाका म्हणाले, दसऱ्याला गावी जाणार आहे, तिकडच्या बाजारातून चांगली बघून आणतो. त्या दुपारी खानावळीत आम्ही चौघंच होतो. त्यांच्या हातात चहाचा कप होता. गोष्ट तिथंच संपायची, पण अण्णांना कुठल्याही वस्तूच्या मागचा माणूस लागतो.

“तिकडं ह्या घडवतं कोण?”

“कामी.”

“म्हणजे कामगार?”

“नाय. जात हाय. लोहार.” मानकाकांनी तळहात जमिनीजवळ नेऊन दाखवला. “लय खाली. त्यांच्या हातचा पाणी चालत नाय.”

अण्णांनी चष्मा काढला. “पाणी चालत नाही आणि खुकरी चालते?”

“खुकरी चालते.”

“त्यात काय नवल,” चुलीजवळून आई म्हणाली. “इथं माझा रस्सा चालतोय की, पिशवीत. बाकड्यावर बसाय चालत न्हाई लोकांला.”

मी तोवर उभी राहिले होते. उभं राहिल्याशिवाय मला त्या वयात बोलता येत नसे. म्हटलं, मानकाका, तुम्ही थापा. दसऱ्याला तुमच्या घरी खुकरीची पूजा होते, तिला टिळा लागतो, फौजेत तिची गाणी होतात. आणि ज्यानं आगीपुढं बसून ती घडवली त्यानं तुमच्या उंबऱ्याबाहेर बसायचं? लोखंडाला मान आणि माणसाला नाही? बोलता बोलता मला आमच्या फळीवरच्या निम्म्या पुस्तिका पाठ आहेत हे माझ्याच लक्षात आलं आणि मी त्या सगळ्या म्हणून टाकल्या. मानकाका कपाकडं बघत ऐकत होते. माझं झाल्यावर अण्णांनी सहभोजनावरची आपली पुस्तिका आतून आणून त्यांच्या हातात दिली. त्यांना मराठी वाचता येत होतं, कारण लिपी तीच. त्यांनी ती नीट, दोन्ही हातांनी घेतली.

मग आई उठली. तिनं डब्यातून येसर काढली. आमच्याकडं धान्य आणि मसाला भाजून दळतात, पाण्यात कालवून उकळलं की दाट आमटी होते. पिशवीला गाठ मारून तिनं ती बाकड्यावर ठेवली.

“हे बगा थापादादा. मला खुकरी लय गरजेची हाय, तुमाला ठावं हाय. पर बाजारातून नका आणू. त्या कामीच्या घरी जायचं. ही येसर त्याच्या बायकोच्या हातात द्यायची, तिला आमटी करायला लावायची, अन् त्यांच्याच ताटात, त्यांच्यासंगं बसून खायची. तुमी खाल्लं म्हणून सांगा, मंगच मी घेईन. न्हाईतर ऱ्हाऊ द्या. खानावळ बंद करीन, पर ज्याच्या घरचं पाणी तुमाला चालत न्हाई त्याच्या हातची वस्तू माझ्या खोडावर पडू देणार न्हाई.”

मला आईचा इतका अभिमान क्वचितच वाटला असेल. अण्णांनीही मान हलवली. मानकाकांनी कप खाली ठेवला. त्यांनी येसरीच्या पिशवीकडं पाहिलं, पुस्तिकेकडं पाहिलं, मग रस्त्यापलीकडं आपल्या गाड्याकडं पाहिलं. तिथं त्यांचे दोन नेपाळी जोडीदार कोबी चिरत होते. ते हळू आवाजात म्हणाले, “दीदी, मी दुसरीकडं कुठं खाणार? तिथंच तर खातो.”

“कुठं?”

“कामीच्या घरात. बाप हाय तो माझा.”

माझं भाषण खोलीत तसंच उभं होतं आणि त्याला बसायला जागा नव्हती. अण्णांनी हात पुढं करून म्हटलं, “ती पुस्तिका द्या इकडं, मानराव.” ते म्हणाले, “राहू द्या अण्णा. वाचतो ना.” आणि ते म्हणण्यातला त्यांचा समजूतदारपणा इतका होता की आईला एकदम हसू फुटलं. तोंडाला पदर लावून ती खाली बसली आणि म्हणाली, “अगं माय माय, आमी कुणाला शिकवायलाव!” मग मानकाकाही हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा रस्त्यापलीकडं पाहिलं.

इकडं आल्यावर मानकाकांना पहिलं काम मिळालं ते रखवालीचं. ठेकेदाराला थापा, गुरुंग असलं नाव हवं होतं. त्यांचं खरं आडनाव विश्वकर्मा, कामींत तेच लावतात. ते नको, सुताराचं काम थोडंच आहे म्हणाला. मग ते थापा झाले. पुढं गाडा टाकला तेव्हा ज्यांच्याबरोबर भागी केली आणि एका खोलीत स्वयंपाक सुरू केला ते दोघं वरच्या जातीचे, त्यांच्याच बाजूच्या जिल्ह्यातले. त्यांना कळलं तर चूल वेगळी होईल, मग खोली, मग गाडा. हे सगळं त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. आपल्याच ताटात आपण परके असल्याची ही गोष्ट आम्हाला परकी नव्हती. माझ्या आत्यानं पुण्यात घर भाड्यानं घेताना आडनाव अर्धंच सांगितलं होतं. अण्णांनी त्या विषयावर आजवर पत्रक काढलेलं नव्हतं.

आईनं मात्र मुद्दा सोडला नव्हता. “मंग बाप घडवतोय तर बाजारातून कामून आणायले होते?”

“बाप असाच बनवत नाय, दीदी. कोणासाठी, विचारतो. हॉटेलासाठी म्हणालो तर नाय म्हणतो. माणूस सांग, हात सांग, म्हणतो. इथल्या माणसाचा हात मोजायला गेलो तर बाप कोण ते सांगावा लागतो, मला पण माझा नाव घ्यावा लागतो.” जरा थांबून ते म्हणाले, “आता घेतला.”

आणि मग ते वेगळेच झाले. बाजारातली खुकरी आणणारा माणूस निघून गेला आणि लोहाराचा मुलगा पुढं आला. म्हणाले, बाप मुठीचा ठसा मागतो. ओल्या मातीचा गोळा मुठीत घट्ट आवळायचा आणि वाळवायचा, त्यावरून दांडा होतो. जिंतुरात चांगली माती कुठं शोधायची? आईनं ज्वारीचं पीठ मळलं, पण वाळल्यावर ते तडकलं. मग गव्हाची घट्ट कणीक घेतली, हाड तोडताना धरतो तशी मूठ धरून दाबली आणि पत्र्यावर ठेवली. आमच्याकडच्या उन्हात तिचा दगड झाला. बोटांच्या चार खाचा, अंगठ्याचा खड्डा, तळहातावरच्या एका रेषेचाही ठसा. मानकाकांनी दोरीनं कोपरापासून मनगटापर्यंतचं माप घेतलं, दोरीला गाठ मारली. कणकेची ती मूठ त्यांनी मफलरीत गुंडाळून येसरीच्या पिशवीबरोबर ठेवली. आईचा हात नेपाळला चालला होता. आमच्या घराण्यातलं कुणी तोवर एवढं लांब गेलं नव्हतं.

ते गेले आणि आईनं खानावळीचं दार लावलं. ते दिवस मला अजून आवडत नाहीत. पडद्याआड यंत्र एकटंच चालायचं आणि अण्णा मधूनच ते थांबवून कान द्यायचे. गिऱ्हाइकं दारापर्यंत येऊन, “मावशी, कधी उघडायलाव?” विचारून जायची. आई “बघू” म्हणायची आणि हातावर गरम मिठाची पुरचुंडी फिरवत बसायची. मी तिला पुस्तिका वाचून दाखवू लागले. एकदा मध्येच ती म्हणाली, “त्या म्हाताऱ्यानं कणकीची मूठ बघून हसून फेकून दिली आसंल. म्हणंल, बाई हाय का पोर.” ती थट्टा करत होती, पण दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बसली होती. त्या मूठभर कणकेवर तिनं किती भार टाकला आहे ते मला त्या हातांवरून कळलं.

दिवाळी झाल्यावर मानकाका परत आले ते बॅग खांद्यावरून न उतरवता सरळ आमच्याकडं. त्यांनी गाठोडं सोडलं आणि खुकरी खोडावर ठेवली. मी पुन्हा एकदा चकचकीत काहीतरी बघायला सरसावले होते. ही काळपट होती. पात्याच्या पाठीवर घणाचे ठोके तसेच दिसत होते, फक्त धारेची कड पांढरी, नव्या नखासारखी. मानकाकांच्या खुकरीपेक्षा बोट-दोन बोटं आखूड. दांडा शिसवीचा, आईच्या मुठीचा, पात्याची शेपटी त्यातून आरपार जाऊन टोकाला ठोकून बसवलेली. लाकडी म्यान चामड्यानं मढवलेलं, त्यात दोन पिटुकल्या सुऱ्या, एक सोलायला आणि एक धार लावायला. पातं ट्रकच्या कमानपाट्याचं होतं हे ऐकून आई म्हणाली, “म्हणजे आपल्याकडल्या कोयत्याची चुलत बहीण.” मानकाका सांगत होते, बाप पातं लाल करतो आणि चहाच्या किटलीनं फक्त धारेवर पाणी ओततो, बारीक धारेनं, म्हणजे धार कडक होते आणि पाठ मऊ राहते. आम्ही किटली हा शब्द दोनदा विचारून घेतला. बापानं कणकेची मूठ पाहून पहिल्यांदा एवढंच विचारलं होतं, ही खायची तर नाही ना?

“अन् येसर?” आईनं विचारलं.

“आमटी झाली. आईनं तिखट कमी घातला म्हणून मीच घातला. बाप दोन वाट्या पिला.”

“त्यांच्या ताटात?”

“त्यांच्या ताटात, दीदी.”

तेव्हा आईनं खुकरी उचलली. मूठ मिटली तशी बोटं जिथं जायची तिथं गेली, तिला बघावंही लागलं नाही. अण्णांनी धावत जाऊन खाटकाकडून रान आणली. आईनं पट्टा काढला, पदर खोचला. उचललं आणि सोडलं, उचललं आणि सोडलं. मी तुकडे परातीत घेत होते. सारखे. एकसारखे. अण्णा पडद्याजवळ उभे होते आणि त्यांना यंत्र सुरू करायचं सुचत नव्हतं.

त्याच दुपारी, पहिल्या पंगतीनंतर, मी मानकाकांना म्हटलं, आता पाटी बदला, अण्णा फुकट रंगवून देतील, ‘विश्वकर्मा चायनीज’, मोठ्या अक्षरात. लपणं ही सुद्धा हार आहे. ते नुसते म्हणाले, “अभी नाय, बेटी.” मी पुढं काही बोलणार तेवढ्यात आई म्हणाली, “गप. त्याचं तोंड त्याच्या ताब्यात ऱ्हाऊ दे.” मला तेव्हा राग आला होता. आज माझी स्वतःची पत्रकं निघतात, सभा असतात, आणि दुसऱ्याची जखम माझ्या घोषणेला उपयोगी पडेल असं वाटलं की आईचं ते ‘गप’ ऐकू येतं. हे प्रकरण लिहू का म्हणून मी मानकाकांना फोन केला होता. ते आता दुसऱ्या गावात आहेत, गाड्याचं दुकान झालंय. म्हणाले, “लिही. पण माझा नाव मी सांगेन, तू नको.” म्हणून ते इथं मान बहादूर आहेत.

खुकरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी त्यांनी गावाकडं व्हिडिओ फोन लावला. फोन आम्ही मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला. अण्णांनी कपडे बदलले होते आणि कारागिरांच्या मानाबद्दल त्यांना काही विचारायचं होतं. मी आभाराचं बोलणं हिंदीत तयार ठेवलं होतं. पडद्यावर आधी आकाश आलं, मग एक कोंबडा, मग सुरकुतलेला, टोपी घातलेला एक म्हातारा, फोन नाकाला लागेल इतका जवळ धरलेला. अण्णांनी नमस्कार करून सुरुवात केली. म्हाताऱ्यांनी त्यांना हातानं बाजूला व्हायला सांगितलं. मी बोलू लागले, मलाही बाजूला केलं. त्यांना आई दिसत नव्हती. आई पदर सारखा करत पुढं आली आणि काय बोलावं ते न सुचून तिनं आपला उजवा हात फोनसमोर धरला, दोन्ही बाजूंनी, मूठ मिटून, उघडून. म्हाताऱ्यांनी तो निरखून पाहिला. मग त्यांनी एकच विचारलं.

“हात दुख्छ?”

मानकाका सांगायला वाकले, पण आईला सांगावं लागलं नाही.

“न्हाई, बाबा,” ती म्हणाली. “आता न्हाई दुखत.”